शेतावर मदतीला जाताना

शेतावर चार-आठ दिवस जाऊन राहावे, हाताने काही काम करावे, अशी हौस हल्ली शहरातल्या पुष्कळांना वाटू लागली आहे. हौस चांगली आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पाहुणा म्हणून जाणे निराळे आणि मदतीला म्हणून जाणे निराळे. आणि मदतीला गेलेल्या माणसाची खरोखर मदत होते, की यजमानाला फक्त एक ताट जास्त वाढावे लागते, हा प्रश्न तर त्याहून निराळा. आज तुमच्याशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत, त्या या शेवटच्या प्रश्नाबद्दल.

परदेशात ही रीत चांगलीच रुळली आहे. इंग्लंडमध्ये 1971 साली शहरी माणसांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतांवर नेण्याचा एक उपक्रम सुरू झाला. ‘वूफ’ या आद्याक्षरांच्या नावाने तो पुढे जगभर पसरला. त्याचा करार साधा आहे : दिवसाकाठी चार-सहा तास काम करावे, त्याच्या बदल्यात राहणे-जेवणे मिळावे, पैशाचे देणे-घेणे नाही. ऑस्ट्रेलियाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. सुटीत येऊन कामही करणाऱ्या परदेशी तरुणांना तिथे आणखी एक वर्ष राहावयाचे असेल, तर बहुतेकांना पहिल्या वर्षात तीन महिने, म्हणजे हिशेबाने 88 दिवस, शेतमळ्यांवर किंवा तशाच ठरवून दिलेल्या कामावर राबावे लागते. 2024 पासून भारतीय तरुणांनाही चिठ्ठ्या टाकून अशा प्रकारच्या वर्षाला एक हजार जागा खुल्या झाल्या आहेत. तेव्हा आपल्या वणी-दारव्ह्याचा एखादा पदवीधर उद्या तिकडच्या मळ्यावर फळे तोडताना दिसला, तर नवल वाटू देऊ नका.

मौज अशी की, ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखी काळी जमीन आहे. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडे नामोई नदीच्या खोऱ्यात त्या काळ्या मातीत कापूसच पिकतो. पण तिथे तो कोणी हाताने वेचीत नाही. एक अजस्र यंत्र शेतातून चालत जाते, कापूस ओढून घेते आणि वेष्टनात गुंडाळलेले गोल गठ्ठे मागे टाकीत जाते. जमीन अफाट आणि माणसे थोडी, असा तिथला मामला. म्हणून बाहेरून आलेला तरुण तिथे रिकामी जागा भरून काढतो. आपल्याकडे वावर लहान आहे आणि त्या वावरावर पोट भरणारी माणसे आधीच उभी आहेत. हा फरक ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सगळे नीट समजेल.

गेली काही वर्षे दिवाळीच्या सुटीतले आठ-दहा दिवस मी कळंब तालुक्यातल्या एका गावी, माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरी काढतो. कोरडवाहू सात-आठ एकर वावर, कपाशीत तुरीची तासे, एक बैलजोडी, एक गाय. त्या घरचा दिवस कसा असतो ते आधी सांगतो.

पहाटे साडेचारला चुलीचा धूर येतो. घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठलेली असते. ज्वारीच्या भाकरी, वरण किंवा झुणका, तिखटाचा ठेचा, एवढे सहाच्या आत व्हावयाचे, कारण त्यातलेच फडक्यात बांधून वावरात न्यावयाचे असते. गडीमाणूस तोवर गोठ्यात असतो. शेणपुंजा, कुटार टाकणे, ढेप भिजवणे, बैलांना पाणी. दव ओसरू लागले की वेचणाऱ्या बायका येतात. ओल्या दवात वेचलेला कापूस ओलसर राहतो, आणि उन्हे फार चढली की वाळलेली पत्ती चुरून कापसाला चिकटते. म्हणून सकाळचा वेळ सोन्याचा.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्या भागात सीतादही करतात. धुऱ्याजवळ चार खडे मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवावयाचा, आणि मग कमरेला ओटी बांधून ओळीने पऱ्हाटीत शिरावयाचे. वरून पाहणाऱ्याला वेचणी फार सोपी दिसते. फुललेल्या बोंडातून कापूस काढायचा, ओटीत टाकायचा. त्यात काय आहे? पण वाळलेल्या बोंडाची टोके काट्यासारखी असतात. पाची बोटे एकदम घालून एका हिसक्यात चारी पाकळ्यांतला कापूस स्वच्छ निघाला पाहिजे. बोंडात कवडी राहता कामा नये आणि पत्ती बरोबर येता कामा नये. पहिल्या दिवशी माझी ओढाताण पाहून विद्यार्थ्याची आई म्हणाली, “सर, हळू काढा. बोंड काई पळून जात नाई.” दुपारपर्यंत बोटे सोलवटतात आणि कंबर म्हणते, आता पुरे.

बाराच्या सुमारास झाडाखाली शिदोऱ्या सुटतात. कुणाची अंबाडीची भाजी, कुणाचा ठेचा, पुढे थंडीत तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी. ही शिदोरी एकट्याने खावयाची नसते, प्रत्येकीच्या फडक्यातला घास इकडून तिकडे जातो. मग पुन्हा चार-साडेचारपर्यंत वेचणी. शेवटी काटा टांगतात आणि ज्याचा त्याचा ढीग मोजतात.

येथेच खरी गोष्ट सुरू होते. बहरातल्या वेचणीला हात बसलेली बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो कापूस वेचते. माझा काटा बारा किलोवर थांबतो. किलोला दहा रुपये मजुरी धरली, तर तिचे चारशे-पाचशे होतात आणि माझे एकशेवीस. आता माझी दोन वेळची भाकर-भाजी, तीन वेळचा चहा आणि आंघोळीचे तापवलेले पाणी हिशेबात धरा. जमाखर्च जेमतेम जुळतो. एम. ए. झालेल्या माणसाच्या दिवसभराच्या कष्टाची किंमत वावरात त्याच्या स्वतःच्या जेवणाएवढी भरते, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी तरी बचत झाली ना? यजमानाचे एकशेवीस रुपये वाचले. क्विंटलमागे एक हजार रुपये वेचणीलाच जातात, आणि 2025-26च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. म्हणजे आठवा हिस्सा वेचणीतच सरतो. बियाणे, खत, निंदण, डवरणी, फवारणी आणि गाडीभाडे वेगळेच. कोरडवाहू वावरात एकरी पाच-सहा क्विंटल झाला तरी बरा म्हणावयाचा. अशा शेतकऱ्याला फुकटचा हात नको कसा असेल?

पण तो एकशेवीसचा कापूस मी वेचला नसता, तर कोणी तरी वेचलाच असता. पहिल्या वर्षी एक वयस्क बाई धुऱ्यावरून सरळ विचारती झाली, “हे मास्तर आमची मजुरी बुडवाले आले काय?” प्रश्न हसत विचारला होता, पण प्रश्न खराच होता. आमच्या महाविद्यालयातल्या काही मुली दिवाळीच्या सुटीत आईबरोबर वेचणीला जातात, आणि त्या पैशांतून परीक्षेची फी भरतात. हौसेने गेलेल्या प्राध्यापकाने फुकट वेचलेला प्रत्येक किलो अशाच एखाद्या मुलीच्या ओटीतून कमी होतो. दानाचा हेतू कितीही निर्मळ असो, ते कोणाच्या ताटातून उचलले गेले हे पाहावेच लागते.

यजमानांनी तोड काढली, ती मला आजही आवडते. माझी ओटी त्या वयस्क बाईच्याच ढिगात रिकामी होऊ लागली. तिची कंबर वाकली आहे, पूर्वीसारखा कापूस आता निघत नाही. मालकाने मजुरी पूर्ण द्यावयाची. पाहुण्याचे बारा किलो तिच्या नावावर. मग मी वावरात हवाहवासा झालो.

मग मदत करावी तरी कशाची? माझा अनुभव असा की, ज्या कामाला कोणी मजुरी देत नाही पण जे केल्यावाचून चालत नाही, ते काम पाहुण्याने उचलावे. पिण्याचे पाणी वावरात पोचवावे. घरी आलेला कापूस पसरावा आणि त्यातली पत्ती-कवडी निवडावी. दोन्ही वेळा गोठा पाहावा. चुलीसाठी वाळक्या पऱ्हाट्या मोडून ठेवाव्यात. आणि आपले ताट आपण घासावे, म्हणजे पहाटे साडेचारला उठणाऱ्या बाईचे एक तरी काम कमी होते.

दुसरे काम शिकलेल्या माणसाचे. हल्ली शेतकऱ्याची अर्धी शेती मोबाईलमध्ये गेली आहे. महाराष्ट्रात 2021 पासून ई-पीक पाहणी आली. आपल्या वावरातले पीक आपणच तिथे उभे राहून, फोटो काढून, मोबाईलवर नोंदवावयाचे. ती नोंद सातबाऱ्यावर नसली, की पुढे भरपाईच्या आणि हमीभावाच्या खरेदीच्या वेळी अडते. 2025 पासून कापूस महामंडळाच्या खरेदीसाठीही मोबाईलवरच नाव नोंदवावे लागू लागले. ज्या घरात मुले पुण्या-नागपूरला गेली आणि म्हातारी दोघेच राहिली, तिथे या एका कामाची किंमत माझ्या बारा किलोंहून कितीतरी जास्त आहे. गावातल्या आठ-दहा घरांच्या नोंदी करून दिल्या, तर कोणाची मजुरी बुडत नाही आणि सगळ्यांचेच भले होते.

तिसरे काम सोबतीचे. तूर फुलोऱ्यात आली, की रात्री रोही आणि रानडुकरे येतात. एका रात्रीत वर्षाचे पीक लोळवतात. म्हणून मचाणावर जागल करावी लागते. शिवाय पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीची असते. हरभऱ्याला पाणी द्यावयाचे तर थंडीत, अंधारात, पायाखाली विंचूकाटा सांभाळीत जावे लागते. अशा वेळी बॅटरी धरणारा दुसरा माणूस जवळ असणे ही मोठी मदत आहे. राळेगाव-पांढरकवड्याकडे 2018 साली नरभक्षक वाघिणीच्या भीतीने माणसे टोळीनेच वावरात जात. ती वाघीण त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मारली गेली. पण एकट्याने वावरात जाण्याची धास्ती काही त्या दिवशी संपली नाही.

आणि काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. फवारणीच्या पंपाला पाहुण्याने हात लावू नये. 2017च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. शेकड्यांनी दवाखान्यात होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, निरनिराळी औषधे एकत्र कालवलेली, तोंडावर फडकेही नाही आणि वरून कोंदट ऊन, असे सगळे त्यात जमून आले होते. ज्यांचा जन्म त्या कामात गेला त्यांची ही गत. हौशी माणसाने तिथे धाडस दाखवू नये. उलट, फवारणाऱ्याच्या तोंडाला मास्क आणि हाताला मोजे आहेत की नाहीत एवढे विचारावे, नसल्यास आणून द्यावेत. फवारताना डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, मळमळ झाली, की काम जागच्या जागी थांबवून अंगावरचे कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे, आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन सरकारी दवाखाना गाठावा.

निव्वळ शिकावयाचे असेल, तर यवतमाळजवळ छोटी गुजरीला सुभाष शर्मा यांची नैसर्गिक शेती पाहून यावी. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. माती, पाणी, झाड आणि गाय यांचे गणित ते नीट उलगडून दाखवतात. पण शिकावयास जातो तेव्हा आपण विद्यार्थी असतो, मदतनीस नसतो. हे मनाशी स्पष्ट असलेले बरे.

आता शेवटी, या सगळ्याचा शेतकऱ्याला जो काही उपयोग होईल तो होवो; आपल्याला काय मिळते? माझ्यापुरते सांगतो. वर्गात हजेरी घेताना नोव्हेंबरात अमुक मुले सारखी गैरहजर का असतात, हे मला आता विचारावे लागत नाही. वडील काय करतात, या रकान्यात ‘शेती’ लिहिताना ज्या मुलाचा पेन अडखळतो, त्याला मी विचारतो, “यंदा वेचणीला भाव काय रे तुमच्याकडे? कवडी किती निघाली?” एखादा मुलगा मान वर करून उत्तर देतो. सरांना वेचणी ठाऊक आहे, ही बातमी मग बाकाबाकावरून फिरते. शेतीतून पळ काढण्यासाठीच शिक्षण असते, असे ज्या मुलांना घरीदारी ऐकवले जाते, त्यांच्यापुढे सोललेली बोटे घेऊन उभे राहण्याला काही अर्थ आहे, असे मला वाटते.

तेव्हा तुम्ही जरूर जा. ऑस्ट्रेलियाला जमले तर तिथे जा, न जमले तर आपल्या घाटंजीला, नेरला, झरीला जा. जाताना स्वतःपुरते अंथरूण, बॅटरी आणि जाड तळाचे जोडे न्या. सल्ला मात्र घरी ठेवून जा. आणि संध्याकाळी काटा टांगला, की आपण वेचलेला कापूस कोणाच्या ढिगात पडावा, हे यजमानाला विचारून घ्या.