अन्नाला नावं ठेवू नयेत, पण...

आज बोलूया बाहेर जेवायला गेल्यावर पदरी पडणाऱ्या निराशेबद्दल. हौसेनं जायचं, चांगले पैसे मोजायचे आणि घरी येऊन दहीभात कालवायचा, हे तुमच्याकडेही कधीतरी झालं असेल.

आई-बाबा बंगळूरला आमच्याकडे आले होते. पंधरा दिवस इडली-डोसे झाल्यावर बाबांना भाकरीची आठवण येऊ लागली. म्हणून 'अस्सल मराठी जेवण' अशी पाटी असलेल्या हॉटेलात गेलो. थाळीत वीस पदार्थ! पण पिठलं कोमट, भरली वांगी गोडमिट्ट आणि भाकरी अशी, की बाबांनी ती आमटीत कुस्करली. वेटरनं विचारलं, तर बाबा म्हणाले, "छान आहे." आईनं मात्र आपल्या हिंदीत सांगितलं, "भैया, भाकरी ठंडी है. तवे की मिलेगी क्या?" दहा मिनिटांत पापुद्रा सुटलेल्या गरम भाकऱ्या आल्या.

बाबांचं म्हणणं, अन्नाला नावं ठेवू नयेत. संस्कार चांगलाच आहे. पण गरम भाकरी मागणं म्हणजे नावं ठेवणं नव्हे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते, भाकरी गार झाली की वातड होते. म्हणून ऑर्डर देतानाच विचारा, "भाकरी आत्ता थापून देणार ना?" आणि काही बिघडलं असेल, तर पहिल्या दोन घासांतच सांगा. ताट रिकामं झाल्यावर केलेल्या तक्रारीला काय अर्थ? सांगताना आवाज चढवू नका. वेटरनं स्वयंपाक केलेला नसतो.

आता बिलाकडे वळू. आमच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावला होता. बाबांना वाटलं, सरकारी कर असेल. तसं नाही. जीएसटी सरकारकडे जातो, सर्व्हिस चार्ज हॉटेलकडेच राहतो. हिशेब पाहा. जेवण २००० रुपयांचं. १० टक्के सर्व्हिस चार्ज २०० रुपये. मग या २२०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी ११० रुपये. एकूण २३१०. सर्व्हिस चार्ज नसता, तर २१०० रुपयेच झाले असते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावानंही घेऊ नये आणि त्यासाठी ग्राहकावर सक्ती करू नये, असं त्यांत सांगितलं आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी या सूचना योग्य ठरवल्या.

म्हणून पैसे देण्याआधी बिल वाचा. सर्व्हिस चार्ज दिसला, तर "हा काढून द्या" असं शांतपणे सांगा. ऐकलं नाही, तर बिलाचा फोटो काढून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. भारतात कुठूनही हा नंबर लागतो.

आणि वाढणाऱ्यानं आपुलकीनं वाढलं असेल, तर टिप त्याच्या हातात द्या. किती द्यायची, ते तुम्ही ठरवा. आईनं त्या भाकऱ्या आणून देणाऱ्या मुलाला पन्नास रुपये दिले, तेही बिलाबाहेर आणि खुशीनं.