दीर्घ आजारात श्रद्धेची सोबत

(जागतिक रुग्णदिनानिमित्त, दि. ११ फेब्रुवारी रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात रुग्णभेट मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आजचा दिवस लूर्दच्या पवित्र मरियेच्या सणाचा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हाच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून जाहीर केला आणि १९९३ पासून तो जगभर पाळला जातो. पुढे कंपवाताने त्यांचे स्वतःचे शरीर जखडले. थरथरता हात आणि अडखळती वाणी घेऊन ते २००५ साली झालेल्या निधनापर्यंत लोकांसमोर येत राहिले.

चार दिवसांचा ताप माणसाला थकवतो. पण वर्षानुवर्षांचा आजार त्याच्या मनाला प्रश्न विचारू लागतो. सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, पुढे ती ओसरते. मग रात्री जाग आली की रुग्ण स्वतःशी म्हणतो, ‘मलाच का?’ घरचेही कुजबुजतात, ‘हे कोणत्या पापाचे फळ?’ योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभू येशूला हाच प्रश्न केला होता. पाप त्या माणसाचेही नाही आणि त्याच्या आईवडिलांचेही नाही, असे प्रभूने सांगितले. आजार म्हणजे शिक्षा नव्हे, हा दिलासा प्रत्येक रुग्णाच्या कानी पडावा असे आम्हांला वाटते.

वेदना ही स्वतःहून पवित्र गोष्ट आहे, असे मात्र आमची श्रद्धा सांगत नाही. दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी प्रार्थना गेथशेमाने बागेत प्रभूनेही केली. क्षयाने १८९७ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी निधन पावलेल्या लिझ्यूच्या संत तेरेझा यांनाही अखेरच्या दीड वर्षात श्रद्धेचा घोर अंधार सोसावा लागला. तेव्हा ज्या रुग्णाला प्रार्थना सुचत नाही, त्याने स्वतःला अश्रद्ध समजू नये. वेदनाशामक औषध घेण्यातही कमीपणा नाही. अशा औषधाने गुंगी आली, तरी योग्य कारणासाठी ते घेता येते, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितले होते. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सान्निध्यात १९८६ साली ‘शांती आवेदना’ हे भारतातील पहिले हॉस्पिस उभे राहिले. बरे न होणाऱ्या कर्करुग्णांची वेदना शमवणे, हेच तेथील सेवेचे सूत्र आहे.

आता एका चुकीची कबुली देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे आम्ही दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असू. त्यांच्या हाती सतत जपमाळ असे. आजूबाजूच्या खाटांवरील रुग्णांची नावे विचारून घेऊन त्या त्यांच्यासाठी जप करीत. ‘पाय चालत नाहीत, पण एवढे काम तर होते,’ असे म्हणत. एके दिवशी त्या म्हणाल्या, ‘फादरांना बोलवा, मला तेल लावून घ्यायचे आहे.’ मुले घाबरली. ‘इतक्यात नको, आई खचेल,’ असे त्यांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले आणि आम्हीही मान डोलावली. दोन महिन्यांनी फादर आले, तेव्हा आजी कुणालाच ओळखत नव्हत्या. संस्कार झाला, पण ज्या प्रार्थनेला त्यांना स्वतःच्या तोंडाने ‘आमेन’ म्हणायचे होते, ती प्रार्थना त्यांना ऐकू आली की नाही, हे आम्हांला कधीच कळले नाही. भीती आजींना नव्हती, ती आम्हांला होती.

जुन्या पिढीने या संस्काराला ‘अंत्याभ्यंग’ म्हटले आणि त्या नावानेच माणसे धास्तावली. ‘रुग्णाभ्यंग’ हे नाव अधिक योग्य आहे आणि हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट केले. १९७२ साली त्याचा विधीही नव्याने ठरला. धर्मगुरू रुग्णाच्या कपाळाला व हातांना पवित्र तेल लावतात आणि त्याला बळ व आराम मिळावा म्हणून प्रार्थना करतात. आजार बळावला, तर हा संस्कार पुन्हा घेता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी आणि वार्धक्याने शरीर फार क्षीण झाल्यावरही तो घेता येतो. औषधोपचार थांबवण्याची ती खूण मुळीच नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली याच तारखेला मानवी दुःखाविषयी एक पत्र प्रसिद्ध केले. आपल्या दुःखातून इतरांचे भले करावे आणि दुःखी माणसाचे भले करावे, अशी दुहेरी शिकवण त्यांनी त्यात दिली. पहिली गोष्ट आजींनी खाटेवरून केली. दुसरी आपणा सर्वांकडे आहे.

देणगीदारांच्या औदार्यामुळे येथे खाटा आणि औषधे आहेत, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. रुग्णांच्या कुटुंबीयांना मात्र हात जोडून एकच विनंती: आपला माणूस बोलत आहे, ऐकत आहे, तोवर त्याला काय हवे ते विचारा. तो कॅथलिक असेल आणि त्याची इच्छा असेल, तर धर्मगुरूंना वेळेवर बोलवा. तो अन्य धर्माचा असेल, तर त्याच्या श्रद्धेप्रमाणे सोय करा. आणि रीघ ओसरल्यावरही त्याच्या खाटेशेजारी बसायला येत राहा.

परमेश्वर आपल्या सर्व रुग्णांना आणि त्यांची सेवा करणाऱ्या हातांना बळ देवो.