बंगले रिकामे झाले, पायऱ्या नाही

(भुसावळ इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

दोस्तांनो,

मी मुंबईच्या गोदीतला माणूस. दिवसा माल उचलतो, रात्री कविता लिहितो. मॅट्रिकपुढं शिकलो नाही. पण माझा जन्म इथला, भुसावळचा, रुळाकडेचा. आज माझ्या घरच्या चार पिढ्यांचा पत्ता तेवढा वाचून दाखवतो.

रेल्वे आली म्हणून भुसावळचं शहर झालं. जीआयपीच्या काळात कोण कुठं राहणार हे पगाराचं रजिस्टर ठरवायचं. बंगल्यात गोरा साहेब. त्याच्याखाली क्वार्टरांत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर नि गार्ड. मग सवर्ण बाबू. आणि शेवटी, रुळाला चिकटून, आपला गँगमन. कातडी, जात, पगार, तिन्ही एकाच रांगेत उभे!

माझा पणजा गँगमन. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपीच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. त्यांनी सगळं उघडं करून सांगितलं. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो, गँगमन म्हणूनच संपतो. साधा पोर्टरही होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामं करावी लागतात, आणि तिथं विटाळ आडवा येतो. म्हणजे दुसऱ्याच्या उंबऱ्यावर आपला पगार अडला होता.

मग स्वातंत्र्य आलं. घटनेच्या ३३६ व्या कलमाप्रमाणं अँग्लो-इंडियनांच्या रेल्वेतल्या खास जागा टप्प्याटप्प्यानं कमी झाल्या, १९६० साली संपल्या. बरीच घरं इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेली. त्यांच्यावर माझा राग नाही. गोऱ्यानं त्यांना आपल्या टेबलाशी बसवलं नाही, आणि ते आपल्या ओट्यावर बसले नाहीत. मधल्यामध्ये लटकली ती माणसं.

बंगल्यात देशी साहेब आला. राखीव जागांमुळं आपलीही पोरं क्लार्क झाली, ड्रायव्हर झाली, कुणी साहेब झालं. ही काही भीक नव्हे, बाबासाहेबांच्या लढ्याची कमाई आहे. माझा काका त्यातलाच. पगार चांगला. जामनेर रोडकडं प्लॉट बघायला गेला, खिशात इसाराचे पैसे घेऊन. मालकानं चहा पाजला, मग विचारलं, आडनाव काय? काकानं सांगितलं. प्लॉट तिथंच बसल्या बसल्या विकला गेला होता!

आपण पँथर हे नाव १९७२ साली ज्या अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं, त्यांचंही असंच. पेनसिल्व्हेनियात लेविटटाऊन ही नवीकोरी वसाहत, घरं फक्त गोऱ्यांना विकलेली. १९५७ साली मायर्स नावाचं काळं कुटुंब तिथं राहायला गेलं. रीतसर विकत घेतलेलं घर. तरी दारासमोर जमाव, खिडकीवर दगड. पैसा दारापर्यंत नेतो, दार उघडून देत नाही.

आता खरं बोलतो, झोंबेल. काकानं पुढं आपल्याच माणसांच्या वस्तीत घर बांधलं. वर दोन खोल्या भाड्याच्या. कंत्राटावर झाडू मारणारा एक पोरगा खोली मागायला आला. काकानं विचारलं, काम काय करतोस? आणि दार लावलं. मी तिथंच होतो. गप्प बसलो. काकाच्या घरचं जेवून उठलो होतो ना! ती गप्प माझ्या छातीवर अजून आहे.

माझा आजाही गँगमन. रिटायर झाला, क्वार्टर गेलं. बाप कंत्राटावर हमाल, त्याला क्वार्टर मिळालंच नाही. मी गोदीत, मीही कंत्राटावर. एकाच घरात काका वर चढला, बाप खाली उतरला. मोहल्ल्यात जाती मिसळल्या म्हणून समता आली असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्या बापाची झोपडी दाखवा.

म्हणून एक काम मागतो. सभा नको, हार नको. वही घ्या. आपापल्या गल्लीत दारोदार जा. लिहा, घरात कमावते किती, कायम किती, कंत्राटी किती, भाडं किती, खोली कुणाला नाकारली. आणि ती कुणी नाकारली तेही लिहा, आपल्या काकाचं नाव आलं तरी.

पहिल्या पानावर माझ्या काकाचं घर लिहा. दुसरी ओळ माझी.

जयभीम.