कृपासदन



ख्रिस्ती धर्मातील कृपेच्या कल्पनेवर बोला, असे मंडळाने मला सुचवले तेव्हा मी थोडा बिचकलो. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. आमचे घर तीन पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती, एवढाच माझा अधिकार. म्हणून तत्त्वचर्चा जाणकारांवर सोपवतो आणि एका मराठी बाईला हा शब्द कसा कळला, कळायला किती वर्षे लागली, तेवढे सांगतो.

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच ऐकलेले असते. पण त्या महाराष्ट्रात वाढल्या नाहीत, हे आपण विसरतो. १८५८ साली गंगामूळच्या रानात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि त्यापायी पुष्कळांचा रोष पत्करला. पुढे हे सारे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थे करीत देशभर हिंडले. मराठी होती ती घरातली, आईच्या तोंडची. बाहेर राहून भाषा सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या हिंडण्यात देवाला प्रसन्न करण्यासाठी करायचे म्हणून काही बाकी राहिले नव्हते. उपास झाले, स्नाने झाली, दानधर्मात जवळचे होते ते संपले. शेवटी दुष्काळात आईवडील गेले. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. पदरात एक लहान मुलगी. माणसाने आपल्या बाजूने सगळे करूनही हाती काही लागत नाही, हा अनुभव त्यांच्या आयुष्यात फार आधी येऊन बसला होता. पुढची हकीकत समजून घ्यायची तर हे ध्यानात ठेवावे लागते.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील मठातल्या सिस्टरांकडे राहिल्या. या सिस्टरांनी त्यांना लंडनमधील फुलम येथील एक घर दाखवले. समाजाने ज्यांना वाया गेलेल्या ठरवले होते, अशा बायकांसाठी ते चालवले जाई. तिथे सिस्टर त्या बायकांशी मायेने वागत होत्या. रमाबाईंना याचे आश्चर्य वाटले. शास्त्रे त्यांना मुखोद्गत होती. वाट चुकलेल्या स्त्रीला राजाने भरचौकात कुत्र्यांकडून फाडवावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे, हे त्यांना ठाऊक होते. (आम्ही ख्रिस्ती लोकांनी यावर नाक वर करण्याचे कारण नाही. आमच्या जुन्या करारातही अशा बाईला दगडमाराची शिक्षा आहे.) हे काम तुम्ही कोणत्या आधारावर करता, असे त्यांनी विचारले. त्यावर सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

ही गोष्ट सर्वांना माहीत असेलच असे नाही, म्हणून सांगतो. भर दुपारची वेळ आहे. येशू प्रवासाने थकून याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. एक शमरोनी बाई पाणी भरायला येते, एकटी. यहुदी आणि शमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस, असे ती विचारते. विहिरीवरचा हा प्रश्न आपल्या देशात कोणाला समजावून द्यावा लागणार नाही. बोलता बोलता तिचे आयुष्य उघड होते. पाच नवरे झाले, आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. येशू हे स्पष्ट बोलतो, झाकत नाही. पण आधी सुधार, प्रायश्चित्त घे, मग माझ्याजवळ ये, असेही म्हणत नाही. बोलणे देवाची उपासना कुठे करावी या प्रश्नावर जाते, आणि पुष्कळ शिकलेल्यांना जे सांगितले नाही ते येशू या बाईला सांगतो. ती घागर तिथेच टाकून गावात धावते.

माझ्या मते या गोष्टीचा जीव तिच्या क्रमात आहे. आधी तिच्याकडून पाणी मागितले गेले, तिच्या पापाची गोष्ट नंतर निघाली. आपण नेहमी उलट करतो.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण गोष्ट इथे संपली असे समजू नका. सिस्टरांशी आणि धर्मगुरूंशी त्यांचे सिद्धांतांवरून कडाक्याचे वाद झाले, ती पत्रे छापून उपलब्ध आहेत. कोणी म्हणाले म्हणून मानायचे, हे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढे अमेरिकेचा प्रवास, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग पुणे, आणि तिथला तो प्रसिद्ध गदारोळ. एवढे काम चालू असताना आतून मात्र त्या अस्वस्थ होत्या. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीला पटले होते, पण पापाचे ओझे होते तिथेच होते.

त्या सुमारास त्यांच्या वाचनात हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन आले. हा गृहस्थ बरीच वर्षे पाद्री होता आणि १८५१ साली कॉर्नवॉलमधील आपल्याच देवळात, आपलेच प्रवचन चालू असताना, त्याचे परिवर्तन झाले. तोवर इतरांना जे सांगत होता ते त्याचे स्वतःचे नव्हते. रमाबाईंना त्यात आपले चित्र दिसले असावे. आपण धडपडून चांगले व्हायचे आणि मग देवाने स्वीकारायचे, हा तीर्थयात्रांपासून चालत आलेला हिशेब त्यांनी तिथे सोडला. आहे तशीच मी स्वीकारली गेले आहे, हे मानणे त्यांच्यासारख्या कर्तबगार बाईला सर्वांत जड गेले असेल, असे मला वाटते. कर्तबगार माणसाला फुकटचे घेता येत नाही.

मग त्यांनी हातपाय हलवायचे सोडले का? उलट झाले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली-बायका गोळा करून आणल्या. पुणे-दौंड मार्गावरील केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, आणि समाजाने पतित ठरवलेल्या बायकांसाठी तिथे त्यांनी वेगळे घर काढले. त्याचे नाव कृपासदन. फुलमला पाहिलेले घर इतक्या वर्षांनी मराठी नावाने उभे राहिले. 'सुधारगृह' म्हणता आले असते. त्यांनी तसे म्हटले नाही.

आता थोडे घरचे. माझ्या आजोबांची धाकटी बहीण एका माणसाबरोबर निघून गेली होती. दोन वर्षांनी परत आली तेव्हा पोटुशी होती. आजोबा आमच्या मंडळीत वडील होते, रोज रात्री घरात प्रार्थना चालवीत. त्यांनी तिला ओट्यावरून आत येऊ दिले नाही. आजीने मागच्या दाराने भाकरी आणि एक लुगडे दिले. नंतर तिचे नाव घरात निघाले नाही. मला हे कळले ते आजीकडून, मी कॉलेजात असताना, आणि मी बरीच वर्षे आजोबांना मनातून माफ केले नव्हते.

या व्याख्यानासाठी रमाबाईंची साक्ष पुन्हा वाचली, तेव्हा हॅस्लमपाशी थांबलो. वर्षानुवर्षे दुसऱ्यांना कृपा सांगणारा, स्वतः न घेतलेला माणूस. आमच्या आजोबांचेही तेच. आणि त्यांना ओट्यावरच उभे करून ठेवणारा मी, माझेही तेच. कृपा त्या आत्याआजीला लागत होती तशी दार लावणाऱ्याला लागत होती, हे मला या वयात कळते आहे.

आजी सांगे, म्हातारपणी आजोबा सायंप्रार्थना झाल्यावर पुढच्या दाराची कडी स्वतः लावीत नसत. कोणीतरी आठवण केली की म्हणत, राहू दे अजून थोडा वेळ.