तपासनीस घरचाच

लखनौमध्ये विष्णू नारायण भातखंडे यांच्या खटपटीतून १९२६ साली संगीताचे एक महाविद्यालय निघाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद भूषविले. आज त्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा आहे. गाणे शिकणाऱ्याच्या अंगी जी पहिली सवय बाणवावी लागते, ती तंबोरा जुळवून घेण्याची. काल जुळलेला तंबोरा आजही सुरात असेल, असे कोणताही गवई गृहीत धरीत नाही. रात्रीतून हवा बदलते, तार उतरते. म्हणून बैठक लहान असो की मोठी, आधी तार छेडून पाहावयाची आणि मगच आवाज लावावयाचा.

याच लखनौच्या गोमतीनगर, इंदिरानगर, अलीगंज अशा वसाहतींतून रोज सकाळी हजारो मोटारी बाहेर पडतात. त्यांच्या मालकांत हा जुळवून घेण्याचा संस्कार क्वचितच आढळतो. मोटारीवर त्यांचे प्रेम नसते असे नव्हे. ती रोज पुसली जाते. घर मराठी असेल, तर दसऱ्याला तिला झेंडूची माळ चढते आणि चाकाखाली लिंबू ठेवले जाते. परंतु ज्या बॉनेटवर माळ घातली, ते उघडून आत पाहण्याचे मात्र राहून जाते. हे काम दुसऱ्या कुणाचे तरी आहे, अशी मालकाची प्रामाणिक समजूत असते.

हा दुसरा कुणीतरी कोण, याचा शोध घेतला तर उत्तर मोठे बोलके मिळते. टॅक्सी, ट्रक, बस यांना ठराविक मुदतीने सरकारी तपासणीस हजर व्हावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पंधरा वर्षे चालते, आणि एवढ्या अवधीत तिचे ब्रेक वा टायर मुदतीने तपासण्याचे बंधन तिच्यावर नसते. प्रदूषणाचा दाखला काढावा लागतो खरा; पण तो धुराविषयी बोलतो, ब्रेकविषयी नाही. कारखान्यातील सर्व्हिसिंग पुष्कळ मोटारींच्या बाबतीत वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरनंतर होते. मधल्या सगळ्या दिवसांत मोटारीचा तपासनीस एकच असतो, आणि तो म्हणजे खुद्द तिचा मालक. त्याने हे पद नाकारले, तर ते रिकामेच राहते.

पूर्वी हे पद रिकामे राहिले तरी पुष्कळदा निभावून जात असे. रस्ते अरुंद, मध्ये गावे, खड्डे, बैलगाड्या; मोटारीला फारसा वेग घेताच येत नसे. आता लखनौहून आग्र्यापर्यंत ३०२ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग झाला आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच्या उद्घाटनाच्या वेळी उन्नाव जिल्ह्यातील पट्ट्यावर हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी चाके टेकवली होती. आग्र्यापासून पुढे ग्रेटर नोएडापर्यंत १६५ किलोमीटरचा, सिमेंट काँक्रीटचा यमुना द्रुतगती मार्ग आहे. अशा रस्त्यावर मोटार तासन्‌तास एकाच वेगाने धावते. खराब रस्ता मोटारीचा दोष झाकून ठेवीत असे; चांगला रस्ता तो उघडा पाडतो, आणि तोही ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे टायर. मे-जून महिन्यांत लखनौत लू वाहू लागली की, ‘उन्हाळ्यात हवा फुगते, तेव्हा टायरात थोडी कमीच भरा,’ असा सल्ला हमखास ऐकू येतो. सल्ला आपुलकीचा असतो, पण नेमका उलटा असतो. हवा कमी असली की टायर खाली दबतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजू वाकतात व सरळ होतात. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात सामान्य मोटारीचे चाक मिनिटाला आठशेहून अधिक फेरे घेते. तार पुन्हा पुन्हा वाकवली तर ती जशी गरम होते, तसाच हा टायर आतून तापत जातो. त्याचे थर सुटू लागतात आणि अखेर तो फुटतो. उन्हाने हवा थोडी फुगणार, हा हिशेब टायर बनविणाऱ्याने आधीच केलेला असतो. किती हवा भरावी हे बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. तो आकडा थंड टायरचा होय. म्हणून मोटार दोन-तीन तास उभी असताना, शक्यतो सकाळी, हवा मोजावी. सामान व माणसे भरून निघावयाचे असेल, तर त्यासाठीचा वेगळा आकडाही तेथेच दिलेला असतो.

टायरचे वयही पाहावे. त्याच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे झिजलेल्या रबराच्या पातळीला आले, की तो टायर निवृत्त करावा. डिकीतील जादा चाकालाही हीच कसोटी लावावी. ऐन वेळी त्यातही हवा नसल्याचे आढळते.

उरलेली तपासणी आठवड्यातून दहा मिनिटांची आहे. मोटार सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी, तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहावी. थंडाव्याच्या पाण्याची पातळी बाहेरच्या टाकीवरील खुणांवरून कळते. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते व कालांतराने निकामी होते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. ब्रेकचा पायटा मऊ लागला किंवा खोल गेला, तर मोटार त्याच दिवशी कारागिराला दाखवावी. मागचे दिवे पाहण्यास दुसरा माणूस नसेल, तर रात्री भिंतीकडे पाठ करून मोटार उभी करावी आणि ब्रेक दाबावा. लाल उजेड भिंतीवर उमटला, म्हणजे दिवे ठीक आहेत.

ऋतूही आपापले प्रश्न घेऊन येतात. उन्हाळा वायपरचे रबर कडक करून जातो, आणि हे पहिल्या जोरदार सरीत कळते. तोच उन्हाळा बॅटरीला दुबळी करतो, आणि ते जानेवारीच्या पहाटे कळते. डिसेंबर-जानेवारीत गोमतीकाठी धुके इतके दाटते की समोरची मोटार दिसत नाही. त्या वेळी दिव्याचा झोत खाली ठेवावा. वरचा झोत धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांत येतो.

शेवटी पट्टा. मागे बसणारे तो बांधीत नाहीत, पुष्कळांचे बक्कल तर आसनाच्या फटीत हरवलेले असते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि पट्टा बांधलेला नव्हता. मागच्या पट्ट्यांचा नियम तेव्हाही होताच. निघण्यापूर्वी पाचही पट्टे ओढून पाहण्यास एक मिनिट पुरते.

हे सारे लखनौपुरते नाही. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, आणि लखनौच्या मालकापुढे असलेला प्रश्न आज वर्ध्याच्या, जालन्याच्या आणि नाशिकच्या मालकापुढेही आहे. फुटलेला टायर फक्त आपल्याच मोटारीचा घात करीत नाही. शेजारून जाणाऱ्या गाडीतील माणसांना त्याने हवा मोजली होती की नाही, हे विचारण्याची संधी कधीच मिळत नाही. त्यांच्या वतीने हा प्रश्न मालकाने स्वतःलाच विचारावयाचा असतो, आणि तो विचारण्याची वेळ किल्ली फिरविण्याच्या आधीची असते.