लोकप्रतिनिधीचा हिशेब : संसदेपासून ग्रामसभेपर्यंत



पाच वर्षांतून एकदा मत दिले की मतदाराचे कर्तव्य संपले, आणि निवडून गेले की प्रतिनिधीचे बोलणे सभागृहापुरते उरले, ही समजूत लोकशाहीला पोषक नाही. मतदार प्रतिनिधीच्या हाती जो अधिकार सोपवितो तो विश्वस्ताच्या हाती ठेवलेल्या ठेवीसारखा असतो, आणि ठेवीचा हिशेब वेळोवेळी द्यावा लागतो. अधिवेशन आटोपून मतदारसंघात परतलेला आमदार किंवा खासदार गावच्या पारावर वा शाळेच्या पटांगणात बसून देशात काय ठरले आणि तालुक्यात काय झाले हे सांगतो, तेव्हा तो हा हिशेबच देत असतो.

अशा सभेत एक प्रश्न हमखास निघतो. गावच्या विहिरीला पाणी नाही, शाळेचे छप्पर गळते. मग दिल्लीच्या गोष्टी येथे कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे.

विधान परिषदेचे सभापतिपद दीर्घकाळ भूषविलेले कै. वि. स. पागे यांनी ग्रामीण मजुराच्या बेकारीचा प्रश्न सातत्याने मांडला. काम मागणाऱ्या हाताला काम देणे ही शासनाची जबाबदारी ठरावी, असा त्यांचा आग्रह होता. १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात या कल्पनेचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना राज्यासाठी स्वीकारण्यात आली, आणि त्याच सुमारास भीषण दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. बंधारे, पाझर तलाव आणि रस्ते यांच्या त्या कामांनी असंख्य कुटुंबांची चूल पेटती ठेवली. पुढे १९७७ मध्ये राज्य विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ मध्ये संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस अंगमेहनतीच्या कामाची हमी होती. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला आणि १ एप्रिल २००८ पासून तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. तासगावच्या शिवारात उगवलेला विचार अशा रीतीने दिल्लीला पोचला आणि कायदा होऊन पुन्हा गावोगाव आला. गावाची गोष्ट आणि देशाची गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे यावरून दिसते.

याच योजनेतून लोकप्रतिनिधीला दुसरा धडाही घेता येतो. हमीसाठी पैसा लागतो. त्यासाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसविला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या रकमेतून दूरच्या खेड्यातील मजुराच्या घामाचा दाम दिला जाणार होता. असा कर बसतो तेव्हा शहरातील मतदाराला तो का द्यावा लागतो हे सांगणे, आणि खेड्यातील मतदाराला हा पैसा कोणाच्या कष्टाचा आहे याची जाणीव देणे, ही दोन्ही कामे प्रतिनिधीचीच असतात. केवळ गोड बातम्या सांगणारा हिशेब हा हिशेब नव्हे. मिळालेल्या रस्त्याबरोबर रखडलेला रस्ता, मंजूर झालेल्या मागणीबरोबर फेटाळली गेलेली मागणी आणि तिचे कारण, हे सारे त्यात आले पाहिजे.

माहिती पोचली नाही तर काय होते? हमीच्या कायद्याने मजुराला काम मागण्याचा हक्क दिला. मागणी केल्यावर ठरावीक मुदतीत काम न मिळाल्यास बेकारभत्त्याचा हक्कही दिला. परंतु मागणी लेखी द्यावयाची असते आणि तिची तारखेसह पोच घ्यावयाची असते, हे ज्या मजुराला कोणी सांगितले नाही, त्याच्यापाशी आपण काम मागितले होते याचा पुरावाच उरत नाही. पुरावा नाही म्हणून भत्ता नाही, आणि भत्ता मागणारे कोणी नाही म्हणून काम काढण्याची निकड नाही. कायदा राजपत्रात राहतो आणि मजूर कामाच्या शोधात परमुलखाची वाट धरतो. अशा ठिकाणी माहितीची किंमत मजुरीइतकीच असते.

हा विषय आजही ताजा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १२५ करण्यात आले, खर्चाचा मोठा वाटा राज्यांकडे आला आणि पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात काही काळ कामे थांबविण्याची तरतूद झाली. या बदलाविषयी मते निरनिराळी असू शकतील. परंतु आपल्या प्रतिनिधीने सभागृहात कोणती भूमिका घेतली आणि गावातील कुटुंबाला कोणता हक्क कसा मिळणार, हे दोन्ही त्याच्याच तोंडून समजून घेण्याचा मतदाराला अधिकार आहे.

महाराष्ट्रात या संवादाची गरज आणखी एका कारणाने आहे. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती कायद्याने आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्यत्व दिले नाही. स्थानिक नेतृत्व स्वतंत्रपणे वाढावे हा त्यामागील हेतू योग्यच होता. मात्र त्यामुळे विधिमंडळ आणि पंचायत यांना जोडणारा पूल आपोआप बांधला जात नाही. तो जाणीवपूर्वक बांधावा लागतो. १४ व्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी शिफारस केलेले अनुदान ग्रामपंचायतींसाठी होते. देशपातळीवरचा हा निर्णय गावच्या खात्यात उतरला. ज्या गावाला त्याची वेळीच माहिती मिळाली, त्याला आराखडा विचारपूर्वक करता आला.

हिशेब चांगला व्हावयाचा तर ऐकणाऱ्यांचीही तयारी हवी. रेल्वेचा प्रश्न केंद्राचा, पोलिसांचा राज्याचा, गावच्या दिवाबत्तीचा पंचायतीचा, हा भेद माहीत असला म्हणजे प्रश्न योग्य ठिकाणी विचारला जातो. विधानसभेत तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना ही सदस्याची साधने आहेत. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. तेव्हा ‘साहेब, आमच्या तलावाचे काय झाले?’ एवढेच न विचारता, ‘तलावाबाबत सभागृहात कोणता प्रश्न मांडला, त्याला कोणते उत्तर मिळाले आणि आश्वासनाची पूर्तता कोठवर आली?’ असे ग्रामस्थांनी विचारावे. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमके द्यावे लागते.

या कामी प्रत्येकाचा वाटा आहे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेपूर्वी गावच्या प्रश्नांची यादी तयार ठेवावी. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले आहे. त्या स्थानाची शोभा उपस्थितीने आणि विचारपूसीने वाढते. शिक्षकांनी नव्या कायद्याचा सारांश सोप्या मराठीत फलकावर लिहावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखवावा. अधिकाऱ्यांनी मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि उरलेले काम यांचे आकडे मागण्याची वाट न पाहता मांडावेत. सभेत मागे बसणाऱ्या भगिनींना आणि शेतमजुरांना प्रथम बोलू द्यावे, कारण योजनेतील उणीव त्यांना सर्वांआधी जाणवते.

प्रतिनिधीने सांगावे, तसेच त्याने ऐकावे. सभागृहातून गावात आलेली माहिती जितकी मोलाची, तितकाच गावातून सभागृहात गेलेला अनुभव मोलाचा असतो. एका तालुक्यातील अनुभवाने राज्याला आणि नंतर देशाला वाट दाखविली, ती अशाच देवघेवीतून. पुढच्या वेळी लोकप्रतिनिधी गावात येतील तेव्हा हार-तुऱ्यांबरोबर प्रश्नांची एक वहीही तयार असावी, आणि गेल्या खेपेच्या उत्तरांचे पान त्या वहीत उघडे असावे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!