हिरव्या पानामागचा पुरावा

येवल्यात पैठणी घेणारी बाई पदर उलटा करून बघते. हातमागाचा असेल तर तो मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो, हे तिला ठाऊक असतं. घर बांधताना मात्र सिमेंटच्या गोणीवर, रंगाच्या डब्यावर हिरवं पान दिसलं की आपण पुढचं विचारत नाही. ते पान अनेकदा कंपनीनं स्वतःच छापलेलं असतं.

त्रयस्थानं तपासून दिलेलं चिन्ह वेगळं. केंद्र सरकारनं १९९१ मध्ये 'इकोमार्क' आणलं. मातीचा माठ ही त्याची खूण. २०२४ मध्ये त्याचे नियम नव्यानं केले. भारतीय उद्योग महासंघाचं 'ग्रीनप्रो' हेही तपासून मिळणारं. आयएसआयचा शिक्का दर्जाचा आहे, तो पर्यावरणाची हमी देत नाही. ही गल्लत फार होते.

आता राखेची वीट घ्या. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातली राख विटेत गेली, तर तेवढी माती वाचते आणि भट्टीही पेटवावी लागत नाही. एकलहरे येवल्याहून शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण तशीच वीट दूरच्या जिल्ह्यातून ट्रकनं आणली, तर जळालेलं डिझेल त्या हिरव्या पानात कुठं दिसणार? म्हणून माल कुठून आला, हे मी चिन्हाइतकंच महत्त्वाचं मानतो.

सिमेंटचं तसंच. सर्वात जास्त कार्बन बाहेर पडतो तो चुनखडी भाजून क्लिंकर बनवताना. राखेच्या पोझोलाना सिमेंटमध्ये मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख असते, तेवढा क्लिंकर कमी लागतो. दुकानदार 'हिरवं सिमेंट' म्हणाला, तर राख किती टक्के, हे आधी विचारा. आणि रंगाच्या डब्यावरच्या 'शिसं नाही' या ओळीनं भुलू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून सगळ्यांनाच लागू आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्या. 'पर्यावरणस्नेही' म्हणायचं तर पुरावा द्यावा लागतो. तेव्हा प्रमाणपत्र मागा. त्यावर कंपनीचं नव्हे, त्याच मालाचं नाव आहे का, मुदत संपली नाही ना, हे वाचा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.